वस्तीतून मांडवापर्यंत : जमैकाचा रेगे आणि आपला जलसा

गणेशोत्सवात आपल्या भागातील कोणत्याही मांडवाजवळून जा, दिवसातून एकदा तरी ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ हे गाणे कानावर पडतेच. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. आषाढीला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लागते, तोही आवाज त्यांचाच. आणि एप्रिल महिन्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला, बौद्ध वस्तीतील भोंग्यावरून हाच आवाज भीमगीते गात असतो. तीन उत्सव, तीन मांडव, पण गळा एकच. हे गाणे आले कुठून, कोणी कोणासाठी रचले, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आवडले, वाजवले, पुढे गेलो.

जगात दुसरीकडेही एका संगीताचे असेच झाले आहे. त्याचे नाव रेगे. आपल्या घरातील कॉलेजात जाणारी मुले ते मोबाईलवर ऐकतात. बॉब मार्ले या गायकाचे चित्र असलेले टी-शर्ट नागपूरच्या सीताबर्डीवर सहज मिळतात. ज्याने ते अंगात घातले आहे त्याला मार्ले कोण होता हे ठाऊक असेलच असे नाही. थोरांना रेगे म्हटले की लांब जटा आणि गांजाचा धूर एवढेच आठवते. प्रत्यक्षात रेगेचा इतिहास आपल्या जलशांच्या आणि भीमगीतांच्या इतिहासाला इतका जवळचा आहे की एक समजून घेतला तर दुसरा अधिक चांगला समजतो. म्हणून या लेखात दोन्ही एकत्र मांडले आहेत.

उसाचे मळे आणि बंदी घातलेले ढोल

जमैका हे अमेरिका खंडाच्या मध्यभागी, क्यूबाच्या दक्षिणेला असलेले एक छोटेसे बेट. आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यापेक्षा क्षेत्रफळाने लहानच. १६५५ साली इंग्रजांनी ते स्पॅनिश लोकांकडून जिंकून घेतले आणि तिथे उसाचे मोठमोठे मळे उभे केले. मळ्यांत राबायला आफ्रिकेतून जहाजे भरभरून माणसे पकडून आणली. त्यांना गुलाम म्हणून विकले, नवी नावे दिली, त्यांची भाषा आणि देव विसरायला लावले. ढोल वाजवून गुलाम एकमेकांना निरोप देतील आणि बंड करतील, या भीतीने मळेवाल्यांच्या राज्यात ढोल वाजवण्यावर बंदी घालणारे कायदे झाले. तरीही ढोल पूर्ण थांबला नाही. डोंगरांत आणि रात्रीच्या मेळाव्यांत तो जपला गेला.

१८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली. पण ‘शिकाऊ कामगार’ या नावाखाली तीच वेठ आणखी चार वर्षे चालली आणि खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजी झाली. सुटका झालेली माणसे मळ्यांत परत यायला तयार होईनात, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर न्यायला सुरुवात केली. ‘ब्लंडेल’ नावाचे पहिले जहाज १० मे १८४५ रोजी जमैकाला लागले. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय गिरमिटिया मजूर तिथे पोचले. त्यात बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे. जमैकाच्या बोलीत ‘गांजा’ हा शब्द आजही जसाच्या तसा आहे, तो या मजुरांबरोबर गेलेला. रेगेच्या मुळाशी असलेल्या रास्ताफारी पंथावर भारतीय साधूंची काही छाप पडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. या पंथाचा आरंभीचा प्रचारक लिओनार्ड हॉवेल याने आपल्या पुस्तकासाठी जे टोपणनाव घेतले त्यात ‘मराघ’ असा शब्द आहे. तो म्हणजे आपला ‘महाराज’.

पंथाची कथा अशी. मार्कस गार्वी हा १८८७ साली जमैकात जन्मलेला काळा पुढारी. त्याने १९१४ साली संघटना काढली आणि जगभरच्या काळ्या माणसांना सांगितले की आपल्या रंगाची लाज सोडा, आपले मूळ आफ्रिकेत आहे, त्याचा अभिमान धरा. पुढे २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास ताफारी नावाच्या राजपुत्राला हेले सेलासी या नावाने सम्राटपदाचा अभिषेक झाला. जगातील बहुतेक आफ्रिका त्या वेळी युरोपच्या ताब्यात होती. अशा काळात एक काळा सम्राट सिंहासनावर बसला हे पाहून जमैकातील गोरगरिबांनी त्याला देवाचा अवतार मानले. त्याच्याच नावावरून रास्ताफारी हा पंथ निघाला. केस न कापणे, साधे शाकाहारी जेवण, ढोलांच्या ठेक्यावर सामूहिक भजन अशी त्यांची राहणी.

सरकार आणि प्रतिष्ठित समाज त्यांना वेडे आणि गुंड समजत. १९६३ साली कोरल गार्डन्स येथील प्रसंगानंतर पोलिसांनी शेकडो रास्तांना पकडले, मारले, त्यांच्या जटा कापल्या. जमैकाच्या सरकारने याबद्दल अधिकृत माफी मागितली ती २०१७ साली, म्हणजे ५४ वर्षांनी. मधल्या काळात त्याच रास्तांच्या गाण्यावर देशाने जगभर नाव कमावले होते.

रेगेचा ठेका

जमैकाच्या खेड्यांतील जुने लोकगीत म्हणजे मेंटो. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यातील माणसे कामासाठी किंग्स्टन शहरात आली आणि पत्र्याच्या झोपड्यांत राहू लागली. त्यांच्याजवळ ग्रामोफोन किंवा हॉटेलात नाचायला जाण्याचे पैसे नव्हते. तेव्हा काही हुशार मंडळींनी मोठमोठे कर्णे आणि कपाटाएवढी खोकी एकत्र केली, ती गाडीवर लादली, आणि मोकळ्या आवारात तबकड्या वाजवायला सुरुवात केली. याला तिथे ‘साउंड सिस्टीम’ म्हणत. क्लेमेंट डॉड, ड्यूक रीड आणि प्रिन्स बस्टर यांच्या साउंड सिस्टीममध्ये जबरदस्त चुरस असे. ज्याचा आवाज मोठा आणि तबकडी नवी, त्याच्याकडे गर्दी.

सुरुवातीला हे लोक अमेरिकेतील गाणी वाजवत आणि तिथले गायक त्यांच्याच नकला करत. पण तशी नवी गाणी मिळेनाशी झाली तेव्हा स्थानिक मुलांना बोलावून ध्वनिमुद्रण सुरू झाले. १९६० च्या सुमारास ‘स्का’ नावाचे वेगवान संगीत जन्मले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला तो स्काच्या तालावर नाचत. पण स्वातंत्र्य मिळाले तरी झोपडपट्टीत नोकरी आली नाही. १९६६ च्या आसपास गाण्याची गती मंदावली आणि ‘रॉकस्टेडी’ आले. १९६८ मध्ये आणखी जड, आणखी संथ असा नवा ठेका आला आणि टूट्स अँड द मेटल्स या गायकवृंदाच्या त्याच वर्षीच्या गाण्याने त्याला ‘रेगे’ हे नाव मिळाले.

हा ठेका आपल्या भजनी मंडळींना सहज समजेल. चार मात्रांचे आवर्तन धरा. आपल्याकडे बहुतेक ठेक्यांत समेवर जोर येतो. रेगेच्या खास ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ढोलाचा जड ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारची छोटी, तुटक छेड येते. खालून बेस गिटारचा खर्ज सारखा घुमत राहतो आणि खरी चाल तोच चालवतो. आपल्या रूपक तालात समेवर खाली येते, तसाच काहीसा हा प्रकार. अपेक्षा असते तिथे ठोका येत नाही, म्हणून अंग आपोआप डोलते. या ठेक्याच्या मागे रास्तांचे ढोल आहेत, आणि त्या ढोलांच्या मागे मळ्यांवरचे बंदी घातलेले ढोल.

साउंड सिस्टीमवर तबकडी वाजवताना माइकवर लयीत बोलणाराही असे. गावच्या घडामोडी, चेष्टा, टोमणे, पुढाऱ्यांवर टीका, सगळे त्यात येई. आपल्या तमाशातील बतावणीच म्हणा. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा मुलगा १९६७ साली न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याने तिथल्या एका इमारतीत आपल्या बहिणीसाठी ठेवलेल्या पार्टीत याच पद्धतीने तबकड्या वाजवल्या. आजच्या रॅप आणि हिपहॉपचा आरंभ त्या रात्रीपासून धरतात. आपल्या विसर्जन मिरवणुकीतील ज्या ‘डीजे’वरून दरवर्षी मंडळात आणि पोलीस ठाण्यात वाद होतो, त्याचे आजोळ असे किंग्स्टनच्या झोपडपट्टीत आहे.

मार्ले आणि जगभरचा प्रसार

बॉब मार्लेचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी नाइन माइल या खेड्यात झाला. वडील गोरे, आई काळी. वडिलांचा आधार मिळाला नाही. आईबरोबर तो किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत आला. १९६३ साली पीटर टॉश आणि बनी वेलर या मित्रांबरोबर त्याने ‘वेलर्स’ हा गायकवृंद काढला. तब्बल दहा वर्षे गाऊनही हाती फारसे काही लागले नाही. १९७३ मध्ये लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्स कंपनीने त्यांची ‘कॅच अ फायर’ ही तबकडी काढली आणि दार उघडले. त्याच्या आदल्या वर्षी जिमी क्लिफची भूमिका असलेला ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट येऊन गेला होता. १९७४ मध्ये एरिक क्लॅप्टन या गोऱ्या इंग्रज गायकाने मार्लेचे एक गाणे गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन मजुरांच्या मुलांनी रेगे आपलेसे केले.

मार्लेची गाणी नुसती नाचायची नव्हती. गुलामी, भूक, पोलिसांचा जाच, मनाची मुक्ती हे त्याचे विषय. त्याच्या ‘रिडेम्प्शन साँग’ या प्रसिद्ध गाण्यात मार्कस गार्वीच्या भाषणातील विचार आहे. जमैकात त्या वेळी दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. ३ डिसेंबर १९७६ रोजी मार्लेच्या घरात घुसून बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या छातीला आणि हाताला जखम झाली. दोनच दिवसांनी तो ठरलेल्या जाहीर कार्यक्रमात उभा राहून गायला. २२ एप्रिल १९७८ च्या शांतता मैफलीत त्याने पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सीगा या दोघांना मंचावर बोलावले आणि त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. हिंसा त्यामुळे थांबली नाही, पण एका झोपडपट्टीतील गायकाचा शब्द दोन्ही पुढाऱ्यांना मोडता आला नाही, ही गोष्ट राहिली. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्य सोहळ्यात त्याला गाण्यासाठी बोलावण्यात आले. ११ मे १९८१ रोजी कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याचे वय केवळ ३६ वर्षे होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या देशातही रेगे आला. बर्मिंगहॅमच्या पंजाबी घरातील अपाचे इंडियन याने १९९० च्या दशकात रेगे आणि भांगडा एकत्र केला. गोव्यात २०१६ पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला. ज्यांच्या जटा पोलिसांनी कापल्या त्यांचे गाणे जमैकाच्या पर्यटन जाहिरातीत वाजू लागले. ऐकणारे वाढले, हे चांगलेच. पण समुद्रकिनाऱ्यावर खुर्ची टाकून ऐकणाऱ्याला त्या गाण्यातील उसाचा मळा दिसेनासा झाला, हेही तितकेच खरे.

गुलामगिरी : दोन देशांना जोडणारा शब्द

जमैका आणि महाराष्ट्र यांची तुलना मी ओढूनताणून करतो आहे असे कुणाला वाटेल. पण ही तुलना दीडशे वर्षांपूर्वी महात्मा जोतीराव फुले यांनीच केली आहे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्य नमूद केले. ड्यू बॉइस यांनी त्या पत्राला आपुलकीने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

आणखी एक साम्य आहे. जमैकात ढोल वाजवायला बंदी होती. आपल्याकडे काही जातींना वाजवण्याची सक्ती होती. गावातील लग्न, मिरवणूक, मयत, जत्रा, काहीही असो, डफडे आणि सनई वाजवणे हे ठरावीक जातींचे काम. वाजवायचे त्यांनी, पण मांडवाच्या बाहेर उभे राहून. गाण्या-वाजवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांत राहिली, मान मात्र मिळाला नाही. आंबेडकरी चळवळीने गावकीची कामे सोडायला सांगितले. हाताला असलेली लय मग कुठे गेली? ती जलशात आली.

गण, मेळे आणि जलसा

तमाशाची बांधणी आपल्याला ठाऊक आहे: आधी गण, मग गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग. गण म्हणजे गणपतीला वंदन. सत्यशोधकांनी हाच साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. त्यांच्या गणात गणपती म्हणजे गणांचा पती, म्हणजेच लोकांचा नायक, असा अर्थ लावला जाई. पुढे शिक्षण, सावकारी, लग्नातील उधळपट्टी, भटशाही यांवर सवाल-जवाब होत. अक्षरशत्रू शेतकऱ्याला जे पुस्तकातून कळले नसते ते ढोलकीवर एका रात्रीत कळे.

१८९३ साली लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. उत्सवाबरोबर मेळेही निघाले. तरुणांचे जथे पद्ये गात फिरत आणि त्यातून स्वराज्याचा प्रचार होई. १९२० नंतर पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने बहुजन तरुणांचा छत्रपती मेळा उभा राहिला. टिळकपक्षाचे मेळे आणि छत्रपती मेळा यांच्यात पद्यांतून चांगलीच जुंपत असे. म्हणजे गणेशोत्सवाचा मंच पहिल्यापासून नुसत्या आरतीचा नव्हता. समाजात कोणाला काय म्हणायचे आहे ते गाऊन सांगण्याची ती जागा होती.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा. ही लढाई खेडोपाडी पोचवायची तर वर्तमानपत्र पुरेसे नव्हते, कारण वाचणारे थोडे. १९३० च्या सुमारास नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि पाच-सहा माणसे, एवढाच संच. पाणवठा, मंदिर, शाळा, व्यसन हे विषय. पूर्वीच्या गणाच्या जागी पुढे बाबासाहेबांना वंदन आले. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे सांगितले जाते. कर्डकांनी पुढे या जलशांच्या इतिहासावर पुस्तकही लिहून ठेवले. ते नसते तर हा सगळा काळ विस्मरणात गेला असता.

वामनदादा कर्डक यांचे स्थान या परंपरेत सर्वांत वरचे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्म. लहानपणी शाळा नाही, गुरे राखली. मुंबईत येऊन मिळेल ते काम केले आणि मोठेपणी अक्षरओळख करून घेतली. १९४३ मध्ये पहिले गीत रचले, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. किंग्स्टनची मुले अमेरिकन चाली उचलत होती, तसेच हे. गरिबाजवळ वाद्यवृंद नसतो. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घेऊन तो त्यात आपले शब्द घालतो. पुढे वामनदादांनी हजारो गीते रचली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे त्यांचे संग्रह निघाले. खांद्याला झोळी अडकवून ते गावोगाव फिरत, कार्यकर्त्याच्या घरी उतरत आणि तिथेच नवे गाणे लिहून देत. मार्लेपाशी निदान लंडनची कंपनी होती. वामनदादांचे गाणे पसरले ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात.

आपला मुलूख

आता आपल्या भागाकडे येऊ. किसन फागुजी बनसोडे यांचा जन्म १८७९ साली मोहपा येथे झाला. मोहपा म्हणजे सौंसरच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील, संत्र्यांच्याच पट्ट्यातील गाव. बनसोडे यांनी अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे चालवली आणि सुधारणेची पदे रचली. त्यांचा मार्ग संत चोखोबांच्या भक्तीचा होता आणि पुढे बाबासाहेबांशी त्यांचे मतभेदही झाले. पण वऱ्हाड-नागपूरकडे दलितांचा आवाज पद्यातून उठवणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचे नाव घ्यावेच लागते.

१४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे आज अनेकांच्या लक्षात नसते. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कागदावर रेघ ओढली गेली, पण गाणे त्या रेघेवर थांबले नाही. नागोराव पाटणकरांसारख्या नागपूरच्या कव्वालांचे नाव इकडच्या वस्त्यांतही घेतले जाई. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी मोझरीहून निघाली आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळे झाली. पोळ्याला, दिवाळीला दंडार, खडी गंमत. शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, पण रात्रीचे गाणे मराठी. आपल्या भागात मराठी टिकली याचे श्रेय आपण पुस्तकांना आणि नाटकांना देतो. त्यातला मोठा वाटा या खंजिरीचा, दंडारीचा आणि कव्वालीचा आहे.

मुंबईच्या नायगावात वाढलेले लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी भीमगीतांबरोबरच ‘जांभूळ आख्याना’सारखे लोकनाट्य गाजवले, चित्रपटांत कामे केली. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले. वय ७९. शाहिराला याहून वेगळा शेवट शोभला नसता.

कॅसेटचे दिवस

किंग्स्टनला साउंड सिस्टीमने जे केले ते आपल्याकडे कॅसेटने केले. १९८० नंतर टेपरेकॉर्डर खेड्यात आला. तबकडी काढणे मोठ्या कंपनीच्याच हाती होते, कॅसेट मात्र छोट्या व्यापाऱ्यालाही काढता येऊ लागली. जयंतीच्या आधी भीमगीतांच्या, गणपतीच्या आधी गणेशगीतांच्या कॅसेटचे ढीग बाजारात येत. प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे ज्या गावी चोखोबांचा अंत झाला तिथले. त्यांनी विठ्ठल गायला, गणपती गायला आणि भीमरायही गायला. पुढे त्यांची मुले आनंद आणि मिलिंद यांनी हाच वारसा चालवला. आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गाणे किती वाजले ते वेगळे सांगायला नको. नातू आदर्श शिंदे यांनी ‘दुनियादारी’ चित्रपटात गायलेले ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ आजच्या मुलांना पाठ आहे.

आता सुरुवातीच्या गाण्याकडे परत वळतो. ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ हे गीत लिहिले हरेंद्र जाधव यांनी. नाशिककडचे हे कवी मुंबईत शिक्षक होते आणि आंबेडकरी गीतांचे नामवंत रचनाकार होते. ज्या लेखणीने बाबासाहेबांची गीते लिहिली तिनेच आपल्या मांडवातील हे प्रार्थनागीत लिहिले. ज्या गळ्याने जयंतीला जयभीम म्हटले त्यानेच गणरायाला आळवले. आणि यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मांडवाच्या आत येण्याची मुभा नव्हती! शाळेचे पाठ्यपुस्तक वर्षभर शिकवून जे साधत नाही ते या एका गाण्याने साधले आहे, फक्त आपण ते कोणाचे आहे हे मुलांना सांगितलेले नाही.

लोकप्रियतेचा धोकाही इथेच आहे. गाणे सर्वांचे झाले की ज्याने ते सोसले त्याचे नाव मागे पडते. मार्लेचा टी-शर्ट राहतो, ट्रेंचटाउन दिसत नाही. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा दोघेही २००४ सालीच गेले. त्यांची गाणी आज मोबाईलवर लाखो लोक ऐकतात, पण गीतकाराचे नाव तिथे बहुधा चुकीचे असते किंवा नसतेच. आनंदाची गोष्ट अशी की नवे गळे थांबलेले नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात आणि कोणत्याही कंपनीच्या मदतीशिवाय मोबाईलवरून घराघरांत पोचल्या आहेत.

आपण काय करावे

मंडळाच्या कार्यक्रमात नाट्यगीते, भावगीते, अभंग आपण ऐकतो. ऐकायलाच हवेत. पण ज्या मंचाचा जन्म मेळ्यांतून झाला त्या मंचावर वर्षातून एक रात्र जलसा, खंजिरी भजन, दंडार आणि कव्वालीसाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? बोरगाव आणि आसपासच्या गावांतील जुन्या भजनी आणि कव्वाली मंडळांतील म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांना पाठ असलेली पदे कुठेही छापलेली नाहीत. ती गेली की पदेही गेली. मंडळातील तरुणांनी या दहा दिवसांत त्यांच्यापाशी बसून मोबाईलवर ती पदे टिपून घ्यावीत, कोणी रचली, कोणाकडून शिकली, कुठे गायली तेही लिहून ठेवावे. भीमराव कर्डकांनी हेच केले म्हणून आज आपण जलशांविषयी बोलू शकतो. आणि त्या मंडळींना मांडवात बोलावून मानाने पुढच्या रांगेत बसवावे.

जमैकाला आपल्या गायकांची किंमत कळायला जगाने आधी टाळ्या वाजवाव्या लागल्या. आपल्याला एवढी वाट पाहण्याची गरज नाही. गाणे तर आपल्या मांडवात कधीच आलेले आहे. ते गाणाऱ्याला आणि रचणाऱ्याला नावाने ओळखणे, एवढेच आपल्याकडून बाकी आहे.

गणपती बाप्पा मोरया!